यमुनाबायसाठी केलेला वास

माझं नाक चांगलं आहे. दिसायला म्हणत नाही; दिसायला ते आमच्या आत्याच्या वळणावर गेलंय आणि लग्न जमताना त्यानं घरच्यांना बराच घाम फोडला होता. पण वासाला ते पक्कं. तळोज्याच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी या नाकावर झाली. साबण, फिनाइल, उदबत्ती, केसांचं तेल, या सगळ्यांत जो वास घालतात तो आमच्याकडे तयार व्हायचा. कृती वरून यायची, आम्ही ड्रममधली द्रव्यं मोजून मिसळायचो आणि शेवटी कागदाची एक पट्टी त्यात बुडवून माझ्या नाकाखाली धरली जायची. मी मान हलवली की माल पुढे, नाही हलवली की परत. घरी माझ्या शब्दाला काय किंमत होती ते सोडा, तिथं माझ्या नाकाला होती.

निवृत्तीनंतर हातावर हात ठेवून बसणं जमेना. मग सुगंधोपचाराचा, म्हणजे अरोमाथेरपीचा, रीतसर कोर्स केला आणि खांदा कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत बायकांना तेलं द्यायला लागले. कुणाला झोप नाही, कुणाला अर्धशिशी, कुणाला सून. आमचे हे म्हणायचे, "आयुष्यभर कारखान्यात नाक खुपसलं, आता लोकांच्या घरात खुपसतेय." त्यांच्याकडे लक्ष देण्यासारखं नसतं.

त्या बायकांपैकी एकीची मुलगी शबाना. पनवेलच्या बसस्थानकापासून थोडं आत, एका जुन्या गोदामात एक संस्था बेघर लोकांसाठी निवारा चालवायची, त्याची व्यवस्था ही मुलगी बघायची. मधे पत्र्याची भिंत, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. एक दिवस ती आईला न्यायला आली आणि माझ्या बाटल्या बघत उभी राहिली. म्हणाली, "ताई, आमच्या लोकांना झोपच नाही. सारखी दहशत. कुणी भांडं पाडलं तरी उठून पळायला लागतात. डॉक्टर गोळ्या देतात, त्या कुणी घेतं, कुणी विकून टाकतं. तुम्ही एकदा येऊन तर बघा, अल्ला भलं करेल तुमचं." अल्लानं भलं केलं की नाही माहीत नाही, पण मी गेले आणि मग दर गुरुवारी संध्याकाळी जातच राहिले.

"ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांना कसलं लव्हेंडर लावतेस?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता मी चिडतसुद्धा नाही. उत्तर सोपं आहे. छप्पर माझ्याकडे नाही, तेल आहे. जे आहे ते घेऊन जाते.

रस्त्यावर राहणाऱ्या माणसाची भीती आपल्या भीतीसारखी नसते. आपल्याला परीक्षेची, ऑपरेशनची, कर्जाच्या हप्त्याची भीती वाटते; ती येते आणि जाते. यांची मुक्कामालाच असते. झोपलं की चप्पल जाते, पिशवी जाते, कुणी पायावर काठी मारून उठवतं. त्यामुळे अंगाला अर्धवट झोपायची सवय लागते. मग चार भिंतींच्या आत आणून गादी दिली तरी छाती धडधडते, हाताला कंप असतो, भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसता येत नाही.

आमचं काम नवख्यांसाठी थोडक्यात सांगते. वनस्पतींचा अर्क फार तीव्र असतो, तो कातडीला तसाच लावायचा नाही. तिळाच्या नाहीतर खोबऱ्याच्या तेलात थेंब-दोन थेंब टाकायचे. दम्याचं माणूस असेल, फिट येत असेल, बाई पोटुशी असेल तर कित्येक तेलांना हातच लावायचा नाही. आणि कुणाला कुठलं तेल चालेल हे पुस्तकावरून ठरवायचं नाही. कागदाच्या तीन पट्ट्या एकामागून एक नाकाखाली धरायच्या आणि तोंडाकडे बघायचं. माणूस खोटं बोलतं, तोंड बोलत नाही. ज्या पट्टीला कपाळावरची आठी सैल पडते ते तेल घेऊन तळहात चोळायचे. यात तेलाचा वाटा किती आणि हात धरल्याचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. वास घ्यायचा म्हणजे श्वास लांब घ्यावा लागतो, तेवढ्यानंच अर्धी धडधड उतरते. आणि या लोकांचा हात कुणी धरत नाही, धरलाच तर ओढायला.

पुस्तकावरून ठरवायचं नाही हे मला पहिल्याच गुरुवारी कळलं. मी मोठ्या ऐटीत लव्हेंडरची पट्टी एका बाईच्या नाकाखाली धरली. सगळ्या जगाला शांत करणारं तेल. ती बाई पूर्वी एका मॉलमध्ये सफाईला होती. तिनं नाक मुरडलं आणि म्हणाली, "मॅडम, हा तर संडासाचा वास." माझ्या हातात पोचाच द्यायचा राहिला होता. तो वास बहुधा आमच्याच कारखान्यातून गेलेला असणार, म्हणून मी वाद न घालता दुसरी पट्टी काढली.

दुसरा धडा बाळारामकाकांचा. तळोज्यालाच कुठल्याशा रसायनाच्या कंपनीत कंत्राटी कामगार होते, तिथल्या वाफेनं त्यांचं नाक कायमचं गेलं होतं. कापूर धरा नाहीतर कांदा, त्यांना सारखंच. तरी दर गुरुवारी रांगेत पहिले. पट्टी नाकाला लावून डोळे मिटून बसायचे. एकदा मी म्हणाले, "काका, तुम्हाला वास तर येत नाही, मग बसता कशाला?" तर म्हणाले, "वास नाय येत ग पोरी. पन तू हात धरतंस तवर छातीत धडधडत नाय." त्यानंतर मी त्यांना नुसतं खोबरेल चोळायला लागले, महागाचं तेल वाया कशाला घालवा. ते हिवाळ्यात गेले. त्यांच्या मयताला निवाऱ्यातली माणसं आणि मी, एवढेच होतो.

पण मला सांगायचंय ते यमुनाबायबद्दल.

एका गुरुवारी मी पोचले तर निवाऱ्याच्या बाहेरच गोंधळ चालला होता. बायकांच्या बाजूच्या दारात सगळ्या बायका पदर नाकाला लावून उभ्या, आणि बाहेर पायरीवर एक बाई, गुडघे छातीशी घेऊन. पन्नाशीच्या आसपासची असेल. शबाना मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, नवीन आलीय. उड्डाणपुलाखाली होती. या बायका हिला आत घ्यायला तयार नाहीत. खुदा कसम, मी स्वतः जवळ उभी राहू शकत नाही. तुमच्याकडे काही असेल तर बघा ना."

मला वासाची सवय. मी जवळ गेले. कोलंबीचं कुजलेलं पाणी, त्यात घाम, त्यात ओल्या कपड्याचा कुबट वास. मासळी बाजारात मासेवाल्या बायकांची कोलंबी सोलून द्यायचं काम ती करायची. तिथून वास लागणारच. पण बाजारातल्या इतर बायका काय अशा येतात? त्या घरी जाऊन आंघोळ करतात, गजरा माळतात. हिच्या पदराला तो वास मुरवल्यासारखा होता. मी कारखान्यात उभं आयुष्य काढलंय, लागलेला वास आणि लावलेला वास यातला फरक मला कळतो. तेव्हा मात्र कळूनही वळलं नाही.

मी गोड बोलून तिला न्हाणीघराकडे नेलं. पाणी अंगावर पडताच ती थरथर कापायला लागली. पाणी गरम होतं, तरी दात वाजत होते. साबण लावला तशी रडायला लागली, लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून. मला वाटलं, किती दिवसांनी कुणी माया केली म्हणून रडते. आपल्याला आपल्याबद्दल असं काहीतरी चांगलंच सुचतं.

स्वच्छ साडी नेसवून तिला माझ्यासमोर बसवलं आणि पट्ट्या काढल्या. मोगरा धरला, तिनं तोंड फिरवलं. गुलाब, तोंड फिरवलं. चंदन धरलं तर तिनं माझा हातच झटकला.

"मना नको वास."

"अगं, छान वाटेल. झोप लागेल."

"वास लावून झोपू?" ती म्हणाली. पहिल्या दिवसापासून ती मला अगंतुगं करायची, तिच्या गावची रीतच तशी. "ताय, तू कवा पुलाखाली झोपलीस? वास लावलेल्या बाईजवल रातचं कोन येतं तुला ठाव हाय?"

मी चंदनाची पट्टी खाली ठेवली.

"मी मुद्दाम घान ठेवते अंग," ती म्हणाली. "कोलंबीचा पानी पदरावर वतते. मानूस जवल येतो, नाक धरतो, शिवी देतो आनि जातो. शिवी काय लागत नाय अंगाला. आज तू ते धुवून टाकलंस. आता मी कशी झोपू?"

आयुष्यभर मी समजत होते की चांगला वास म्हणजे चांगला आणि वाईट वास म्हणजे वाईट. आमच्या धंद्याचा पायाच तो. आणि इथं एक बाई मला सांगत होती की तिच्या घराला दार नाही, म्हणून तिनं दुर्गंधीचं दार केलंय, आणि मी ते साबणानं धुऊन काढलं. मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शबानानं तिला बायकांच्या खोलीचं दार दाखवलं. आतून लावायची कडी दाखवली, लावून आणि काढून. यमुनाबायनं स्वतः ती लावून बघितली, मग बाहेरून शबानाला ढकलायला सांगितलं. दार हललं नाही. तेव्हा कुठे ती आत गेली.

तिची कहाणी पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली. उरणकडच्या खाडीकाठच्या गावातली. नवऱ्याची होडी होती. तो गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी घर आणि जागा मिळून विकली आणि तिला सांगितलं, माहेरी जा. माहेरी भाऊ होता, भावजय होती, पुढचं काय सांगायचं. ती हे सांगताना रडायची नाही. कोलंबी सोलताना बोटं जशी चालतात तशी तिची बोटं सारखी चालत असायची, हातात काही नसतानाही.

निवाऱ्यात ती हळूहळू सावरली. आधी दाराला पाठ लावून झोपायची, मग दारापासून जरा लांब. दोन-अडीच महिन्यांनी तिनं आपणहून माझी पेटी उघडली आणि एकेक बाटली हुंगून गवती चहाचं तेल बाजूला काढलं. "हा बरा हाय," म्हणाली. "ह्यात लाडीगोडी नाय." दर गुरुवारी ते मी तिच्या तळहाताला चोळायचे आणि बोटं चालायची थांबायची. कोलंबीच्या पाण्यानं तिच्या पोटावर, मांड्यांवर चट्टे उठले होते, ते डॉक्टरांच्या मलमानं सुकले. ती इतर बायकांच्या वेण्या घालायला लागली. मी तेव्हा फार मिरवले. महिला मंडळात भाषण दिलं, त्यात तिचं नाव न घेता तिची हकीकत सांगितली. टाळ्या पडल्या.

मग गोदामाच्या मालकाला गोदाम परत हवं झालं.

त्याचाही दोष म्हणता येणार नाही, त्याची जागा. संस्थेनं दुसरी जागा शोधायला जंग जंग पछाडलं. खांदा कॉलनीत, नवीन पनवेलमध्ये, अगदी नेऱ्याच्या वाटेवर एका बंद फार्महाऊसचीसुद्धा चौकशी झाली. भाडं द्यायला तयार, अनामत द्यायला तयार, पण कोण राहणार हे ऐकलं की मालकांचे फोन लागेनासे व्हायचे. आमच्या सोसायटीच्या मागे एक रिकामा बंगला आहे, त्याबद्दल मीही शब्द टाकला. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तुमचं काम ग्रेटच आहे, पण इथं फॅमिल्या राहतात." ज्या घरात मी त्यांच्या बायकोच्या मानेला तेल चोळते त्याच घरात बसून त्यांनी हे सांगितलं आणि वर चहा पाजला.

निवारा बंद झाला. काही जणांना शबानानं दूरच्या निवाऱ्यांत पाठवलं, काही गावी गेले, बाकीचे जिथून आले होते तिथं. यमुनाबाय दूर जायला तयार नव्हती. मासळी बाजार सोडला तर तिचं पोट कशावर चालणार? शेवटच्या गुरुवारी सगळं सामान बांधून झालं होतं. ती माझ्यासमोर येऊन बसली. मी सवयीनं गवती चहाची बाटली काढली. तिनं माझं मनगट धरलं.

"ताय, तुला वास करता येतात ना?"

"येतात."

"मग मना घान वास करून दे. कोलंबीचा पानी आता नको, त्यानं अंग सडतं, आनि कुत्रे मागं लागतात. तू असा कर की अंगाला काय होयाचा नाय, पन मानूस दहा हातांवरून पलला पाहिजे."

खरं सांगते, मला राग आला. एखाद्या आचाऱ्याला कुणी म्हणावं, तुमच्या हाताला चव आहे ना, मग नासका स्वयंपाक करून द्या, तसं झालं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, दुसरं काहीतरी बघू, शबानाला विचारू. तिनं मनगट सोडलं नाही. "दुसरा काय हाय ते सांग," म्हणाली. दुसरं काही नव्हतं.

घरी येऊन मी कामाला लागले. कारखान्यात एक गोष्ट शिकले होते. मोगऱ्याचा वास मोगऱ्यासारखा व्हायचा असेल तर त्यात एक द्रव्य कणभर घालावं लागतं, जे नुसतं हुंगलं तर उकिरड्याचा वास येतो. ते नसेल तर मोगरा खोटा वाटतो. म्हणजे घाणीशी माझी ओळख जुनीच होती, फक्त ती कणाकणानं वापरायची सवय होती. ओंजळीनं वापरायचा प्रसंग आला नव्हता.

पहिल्यांदा हिंग घेतला. खडा हिंग तेलात मुरवून पुलाखाली घेऊन गेले. यमुनाबायनं हुंगलं आणि मला वेड्यात काढलं. "ताय, हा आमटीचा वास हाय. यानं भुकेला मानूस जवल येल." शेजारी बसलेली म्हातारी हसायला लागली. मग लसूण, त्याचंही तेच. करंजाचं तेल कडू आणि उग्र, पण तिच्या मते त्यानं शेतावर असल्यासारखं वाटायचं, कुणी पळायचं नाही. फिनाइलच्या जवळचं काही चालणार नव्हतं, तो सफाईचा वास. गंमत अशी की माणसाला पळवून लावणारा वास करणं हे माणसाला ओढणारा वास करण्यापेक्षा अवघड आहे. माणूस घाणीला सरावतो. तो पळतो ते दुसऱ्या माणसाच्या आजाराला, अंथरुणाला खिळलेल्या अंगाला. त्यात आपलं भविष्य दिसतं म्हणून असेल.

तिथं मला तगर आठवली, पांढऱ्या फुलांची नव्हे, औषधातली. काष्ठौषधीच्या दुकानात तिची मुळं मिळतात. वाळलेलं मूळ चुरलं की महिनाभर न धुतलेल्या मोज्यांचा वास येतो. गंमत म्हणजे हीच तगर आमच्या पुस्तकात झोपेसाठी, मन शांत करायला सांगितली आहे. वासामुळे कुणी घेत नाही एवढंच. मुळं कुटून तिळाच्या तेलात मंद आचेवर मुरवली, गाळली, त्यात आणखी दोन गोष्टी घातल्या, त्या सांगत नाही. स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या तरी वरच्या मजल्यावरून फोन आला की ड्रेनेज तुंबलंय का. आमच्या ह्यांनी दोन दिवस बाहेर जेवणं पसंत केलं. मी आधी माझ्याच हाताच्या आतल्या बाजूला लावून बघितलं. कातडीला काही झालं नाही. वास मात्र साबणानं हात तीनदा धुतला तरी गेला नाही.

चाचणी भर दुपारी, बाजारात. यमुनाबायनं कानामागे आणि पदराला थोडं तेल लावलं आणि आम्ही दोघी भाजीबाजाराच्या गल्लीतून निघालो. पनवेलच्या त्या गल्लीत एरवी खांद्याला खांदा लागतो. त्या दिवशी आमच्यापुढे वाट होत गेली. कोथिंबीरवाल्यानं गोणपाट ओढून घेतलं. एक माणूस मोबाइलवर बोलत येत होता, तो न बघताच वळला, पाय आपोआप वळावे तसा. मी तिच्याबरोबर होते, म्हणजे मलाही तोच न्याय. समोरून आमच्या सोसायटीतली एक बाई आली, माझ्याकडून नेमानं तेल नेणारी. तिनं मला बघितलं, ओळखलं, आणि घाईघाईनं बांगड्यांच्या दुकानात शिरली. मला तिचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं. पण त्या गल्लीत मला पहिल्यांदा कळलं की सगळ्यांच्या नजरा आपल्यावरून घसरून जातात तेव्हा कसं वाटतं.

यमुनाबाय मात्र ताठ चालत होती. गल्लीच्या टोकाला पोचल्यावर म्हणाली, "जमलं तुला."

एवढ्या वर्षांत पसंतीची पावती पुष्कळदा मिळाली होती, पण ही ऐकून माझा ऊर भरून आला. माझ्या हातून झालेला सगळ्यांत चोख वास हा असा होता.

पुढच्या आठवड्यात पुलाखालच्या आणखी दोघींनी मागितला. मग स्टेशनच्या बाजूच्या बायकांना कळलं. मी बाटल्या भरून द्यायला लागले. त्यातल्या एकीनं विचारलं, याला नाव काय? मी म्हटलं, नाव नाही. चांगल्या वासांना किती छान नावं असतात. याला ठेवायला मला काही सुचलं नाही आणि सुचवून घ्यावंसंही वाटलं नाही.

मागच्या दिवाळीत घरचे सगळे धाकट्या मुलाकडे पुण्याला गेले. माझी उटण्याची मागणी पुरी करायची होती म्हणून मी मागे राहिले, असं मी सगळ्यांना सांगितलं. नरकचतुर्दशीच्या सकाळी उजाडल्यावर मी यमुनाबायला घरी घेऊन आले. घरात कुणी नसताना आणलं. ही गोष्ट मी झाकत नाही. तिच्याही ध्यानात आलीच असणार. तिनं चपला दाराबाहेर न ठेवता पिशवीत घातल्या.

मी तिला पाटावर बसवून तेल लावलं. माझ्याकडचं उत्तम तेल. पाठ, खांदे, डोकं. मग उटणं, मग बंबातलं कढत पाणी. या वेळी ती थरथरली नाही, रडली नाही. "अजून वत," म्हणाली. मी ओतत राहिले. माझी एक सुती साडी नेसली, फराळाचं पोटभर खाल्लं, चकलीत तिखट कमी आहे म्हणाली. मग आतल्या खोलीत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं घोरण्याचा.

ती दुपार कलेपर्यंत झोपली. मी बाहेरच्या खोलीत उटण्याच्या पुड्या बांधत बसले होते. तिच्या घोरण्याचा आवाज ऐकताना माझ्या मनात आलं, हिला म्हणावं, राहा इथंच. पुढची खोली दिवसाच लागते. हे दहा वेळा तरी आलं मनात. मग ह्यांचा चेहरा आला, सुनेचा आला, सेक्रेटरी आले, आणि सगळ्यांच्या मागे माझा स्वतःचा आला. लक्ष्मीपूजनासाठी संध्याकाळी घरचे परत येणार होते. मी पुड्या बांधत राहिले.

ती आपणहून उठली. साडी बदलून स्वतःची नेसली, माझी घडी घालून दिली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मान जराशी कलती केली.

"लाव ताय," म्हणाली. "मना मागं नीट लावता येत नाय."

बाटली तिच्या पिशवीत होती. मी बूच काढलं. अजून तिच्या अंगाला माझ्या उटण्याचा वास येत होता, केस पुरते वाळलेले नव्हते. मी बोटाला तेल घेतलं आणि तिच्या एका कानामागे लावलं, मग दुसऱ्या. लग्नाकार्यात अत्तर लावतात तसंच. मग मानेला, मग पदराला.  ती म्हणाली, "थोडा अजून. सनाचे दिवस हायत, पिऊन फिरतात." मी अजून लावलं.

तिला पुलापर्यंत चालत पाठवणं जिवावर आलं म्हणून मी तिच्याबरोबर खाली उतरले आणि गेटाशी एक रिक्षा थांबवली. नवी कोरी रिक्षा, पुढे झेंडूचं तोरण. यमुनाबायनं पाय आत टाकला तशी रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, "नाही काकू, हिला नाही. दिवाळीचे दिवस आहेत."

मी त्याच्याशी भांडणार होते. यमुनाबायनं पाय मागे घेतला आणि माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं. ती हसत होती.

"बग," म्हणाली, "किती चांगला लागलाय."

आणि पिशवी खांद्याला अडकवून ती चालत निघाली.